‘पेनी लेन’ बसवायचं असेल तर

बीटल्स या इंग्लिश बँडचं ‘पेनी लेन’ ऐकायला हलकंफुलकं आणि बसवायला निसरडं आहे. कॉर्ड्सचा कागद मिळतो, चार जण जमतात, पहिली दोन कडवी मजेत जातात आणि ध्रुवपदाला गायक एका पट्टीत, गिटार दुसऱ्या पट्टीत अशी गत होते. याचं कारण गाण्याच्या बांधणीत आहे. कडवं बी मेजरमध्ये, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी सातमध्ये आहे. ध्रुवपद अख्खा एक सूर खाली उतरून ए मेजरमध्ये, पांढरी सहामध्ये जातं. दर कडव्याला गाणं परत वर येतं, आणि अगदी शेवटचं ध्रुवपद तेवढं पांढरी सातमध्येच वाजतं. हा जिना नीट चढता-उतरता आला की निम्मं काम झालं.

लिव्हरपूलमधल्या ज्या रस्त्यावरून आणि बसथांब्यावरून बीटल्समधले मॅकार्टनी आणि लेनन लहानपणी ये-जा करायचे, त्याचं हे गाणं. न्हावी, बँकवाला, अग्निशामक दलाचा माणूस, चौकातल्या निवाऱ्यामागे फुलं विकणारी नर्स अशी माणसं एकामागून एक येतात. फेब्रुवारी १९६७ मध्ये ते ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’च्या जोडीने एकाच तबकडीवर आलं. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, इंग्लंडमध्ये दुसऱ्यावर अडलं. आठवणींचं गाणं म्हटल्यावर लय ओढायची, आवाज ओला करायचा आणि एको सोडायचा, असा आपल्याकडे रिवाज आहे. इथे तो चालत नाही. गाणं उन्हातलं आहे, त्यात ढग एकच येतो आणि तो कुठे येतो ते पुढे सांगितलं आहे. मिनिटाला ११३ मात्रांची लय धरा आणि ती कुठेही सोडू नका.

आधी आराखडा पाठ करा

वाद्यांना हात लावण्याआधी क्रम तोंडपाठ हवा: कडवं, कडवं, ध्रुवपद, कडवं, ट्रम्पेटचा तुकडा, ध्रुवपद, कडवं, कडवं, ध्रुवपद, आणि लगेच वरच्या पट्टीतलं ध्रुवपद. कडवं आठ बारचं (बार म्हणजे चार मात्रांचा गट), ट्रम्पेटचा तुकडा कडव्याच्याच कॉर्ड्सवर आठ बारचा, ध्रुवपदही आठ बारचं. सगळं मिळून तीन मिनिटं.

सुरुवातीला वाद्यांचा तुकडा नाही. पहिल्या मात्रेपासून आवाज, बेस आणि पियानो एकदम सुरू होतात. म्हणून गायकाला सूर कोण देणार हे आधी ठरवा. पियानोवाल्याने बीची कॉर्ड हळूच दाबायची आणि ड्रमरने काड्यांवर चार मोजायचे, एवढं पुरतं. उगाच चार बारची प्रस्तावना जोडली तर गाण्याचा तो थेट दारात उभं राहण्याचा गुण जातो.

पट्टी कोणती?

पट्टी पहिल्या कडव्यावरून ठरवू नका, शेवटच्या ध्रुवपदावरून ठरवा. कडवं बहुतेक पुरुष आवाजांना झेपतं. शेवटी सगळं एक सूर वर सरकलं की मान ताणली जाते. मूळ ध्वनिमुद्रणातसुद्धा मॅकार्टनीचा आवाज टेप जराशी हळू फिरवून घेतला होता, म्हणजे तो प्रत्यक्षात थोडा खालून गायला आणि टेप नेहमीच्या वेगाने वाजल्यावर आवाज वर चढला, तरुणही वाटू लागला. तेव्हा अर्धा सूर खाली, बी फ्लॅटमध्ये म्हणजे काळी पाचमध्ये गायलात तर त्यात कमीपणा नाही.

काळी पाचचा आणखी एक फायदा आहे. बँडपथकातला ट्रम्पेट किंवा क्लॅरिनेट बी फ्लॅटचा असतो. मूळ पट्टीत त्या वादकाला सी शार्प मेजर वाजवावं लागतं, म्हणजे सात शार्प. डी फ्लॅट म्हणून लिहून दिलं तरी पाच फ्लॅट. गाणं बी फ्लॅटमध्ये आणलं की त्याच्यासाठी कडवं साधं सी मेजर होतं आणि ध्रुवपद बी फ्लॅट मेजर. असा वादक मिळाला असेल तर दुसरा विचारच करू नका.

गिटारवाल्यांनी मूळ पट्टीसाठी कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा, दुसऱ्या फ्रेटवर लावावा आणि ए मेजरचे आकार वाजवावेत. काळी पाचसाठी तेच आकार, कॅपो पहिल्या फ्रेटवर. कीबोर्डवाल्यांनी ट्रान्सपोज, म्हणजे पट्टी सरकवायची सोय, उणे एक करून सी मेजरमध्ये वाजवावं, काळी पाचसाठी उणे दोन. ट्रान्सपोज केल्यावर पडद्यावरचा आकडा पुन्हा एकदा बघा. कीबोर्ड बंद करून चालू केला की बऱ्याच मॉडेल्समध्ये तो शून्यावर जातो, आणि हे कळतं ते थेट स्टेजवर.

कडव्याच्या कॉर्ड्स

कॅपो लावून, गिटारच्या आकारांत, एकेक बार असा:

ए, एफ शार्प मायनर सेव्हन
बी मायनर सेव्हन, ई सेव्हन
ए, एफ शार्प मायनर सेव्हन
ए मायनर
एफ शार्प मायनर सेव्हन फ्लॅट फाइव्ह
एफ मेजर सेव्हन
ई सेव्हन सस फोर, ई सेव्हन
ई सेव्हन सस फोर, ई सेव्हन

एका बारमध्ये दोन कॉर्ड्स असतील तिथे प्रत्येकी दोन मात्रा.

पहिले तीन बार हजारो गाण्यांत सापडतील. चौथ्या बारला ए मेजरचं ए मायनर होतं, आणि हाच तो ढग. हसतखेळत चाललेलं वर्णन एका शब्दावर सावलीत जातं. पाचवी आणि सहावी कॉर्ड नाव वाचूनच लोक घाबरतात आणि साधा एफ शार्प मायनर, साधा एफ वाजवून मोकळे होतात. तसं केलं की गाणं तिथेच मोडतं. खरं तर हा भाग हाताला सोपा आहे, फक्त तो तीन वेगळ्या कॉर्ड्स म्हणून शिकायचा नाही.

ए मायनरचा आकार धरा: चौथी तार दुसऱ्या फ्रेटवर, तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर, दुसरी तार पहिल्या फ्रेटवर. पण नेहमीची बोटं वापरू नका. चौथ्या तारेवर अनामिका, तिसऱ्यावर करंगळी, दुसऱ्यावर तर्जनी. मधलं बोट मोकळं राहील. आता या तीन तारा आहेत तशाच दाबून ठेवा आणि फक्त खालचा सूर बदला. आधी पाचवी तार मोकळी. ती झाली ए मायनर. मग मोकळं मधलं बोट सहाव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर. झाली ती लांबलचक नावाची कॉर्ड. मग सहाव्या तारेचा पहिला फ्रेट, मानेवरून अंगठा आणून. झाली एफ मेजर सेव्हन. वरचे तीन सूर तिन्ही कॉर्ड्समध्ये तेच आहेत, पायाखालची जमीन तेवढी सरकते.

इथे पिक बाजूला ठेवा. सहाव्या तारेवर बेस असताना पाचवी तार वाजली की घाण आवाज येतो, आणि पिकने ओढताना ती लागतेच. अंगठ्याने खालचा सूर आणि तीन बोटांनी चौथी, तिसरी, दुसरी तार एकदम खेचा. अंगठा मानेवर पोचत नसेल तर एफ मेजर सेव्हनसाठी चौथ्या तारेचा तिसरा, तिसरीचा दुसरा, दुसरीचा पहिला फ्रेट आणि पहिली तार मोकळी असा सोपा आकार घ्या. त्यात खालचा सूर वरच्या सप्तकात जातो, पण बेस गिटार सोबत असेल तर ते खपून जातं.

कीबोर्डवर तर हे डोळ्यांना दिसतं. उजव्या हाताने जी, सी, ई फ्लॅट धरून ठेवा. डाव्या हाताने क्रमाने सी, ए, ए फ्लॅट, आणि मग जीवर उतरून जी सेव्हन सस फोर. हे चार बार ६० च्या लयीत आधी वाजवा, चुकल्याशिवाय दहा वेळा जमले की ११३ वर न्या.

खाली उतरणं आणि परत चढणं

ज्या कडव्यानंतर दुसरं कडवं किंवा ट्रम्पेट येतो, तिथे शेवटचा बार वर लिहिल्याप्रमाणे. ज्याच्यानंतर ध्रुवपद येतं, तिथे आठव्या बारला ई सेव्हनऐवजी डी मेजर वाजवायची. असं तीन वेळा होतं: दुसऱ्या कडव्यानंतर, ट्रम्पेटनंतर आणि शेवटच्या कडव्यानंतर. ही एक कॉर्ड म्हणजे ध्रुवपदाचं दार. गायकाने नव्या पट्टीचा पहिला सूर हिच्यातूनच उचलायचा आहे, त्यामुळे ती अस्पष्ट वाजली तर तो जुन्याच पट्टीत घुसणार. ताल धरणाऱ्यांनी इथे जरा आवाज कमी करावा, पियानो किंवा गिटारने ती ठणठणीत वाजवावी.

ध्रुवपद, त्याच गिटारच्या आकारांत: जी; जीच्याच कॉर्डखाली बी हा सूर; सी; सी; पुन्हा जी; खाली बी; सी; ई सेव्हन. जीखाली बी म्हणजे पाचव्या तारेचा दुसरा फ्रेट, त्यावरच्या दोन तारा मोकळ्या, सहावी तार गप्प. पुष्कळ जण तिथे सरळ जीच वाजवत राहतात. मग बेसची जी, बी, सी अशी चढण दिसत नाही आणि ध्रुवपद जागच्या जागी बसून राहतं.

आठव्या बारची ई सेव्हन हे परतीचं दार. सीवरून एकदम ई सेव्हन कानाला धक्का देते. तो धक्का हवाच, कारण तिथे गाणं ‘असो, तर सांगत होतो’ अशा थाटात पुन्हा रस्त्यावर येतं. त्या बारला लय सैल सोडायचा मोह आवरा.

शेवटी मात्र ई सेव्हननंतर कडवं नाही. थेट वरचं ध्रुवपद: ए, एखाली सी शार्प, डी, डी, आणि पुन्हा तेच. एखाली सी शार्प म्हणजे पाचव्या तारेचा चौथा फ्रेट आणि चौथी, तिसरी, दुसरी तार दुसऱ्या फ्रेटवर. हे ध्रुवपद मुळातच एक सूर वर असल्यामुळे आपोआप उजळतं. त्यावर आणखी ओरडलं तर ते किंचाळणं होतं.

सरावाची पद्धत एकच: अख्खं गाणं पुन्हा पुन्हा वाजवू नका. कडव्याचे शेवटचे दोन बार आणि ध्रुवपदाचे पहिले दोन, एवढेच चार बार फिरवत राहा. मग ध्रुवपदाचे शेवटचे दोन आणि कडव्याचे पहिले दोन. बाकीचं गाणं स्वतःहून बसतं.

पियानो हाच कणा

या गाण्याचा ठेका गिटारचा नाही, पियानोचा आहे: प्रत्येक मात्रेला एक तुटक कॉर्ड, टक टक टक टक. आपल्या सवयीचा खाली-वर स्ट्रोक इथे लावला की गाणं शेकोटीभोवतीचं होतं. फक्त गिटारच असेल तर चारही मात्रा खालचेच स्ट्रोक द्या आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर डाव्या हाताची बोटं तारांवरून किंचित सैल करून आवाज तोडा. बोटं पूर्ण उचलली तर मोकळ्या तारा घणघणतात. कडव्याच्या चौथ्या ते सहाव्या बारच्या नाजूक भागात हे जमत नसेल तर तिथे सूर लांबू द्या. वाईट लागत नाही.

मूळ ध्वनिमुद्रण लंडनच्या अॅबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत २९ डिसेंबर १९६६ ला सुरू झालं, तेही नुसत्या पियानोने. त्यावर दुसरा पियानो गिटारच्या अॅम्प्लिफायरमधून घेतला, तिसरा टेप निम्म्या वेगाने फिरवून. शिवाय हार्मोनियमचे शिट्टीसारखे अतिउंच सूर, तेही अॅम्प्लिफायरमधून. ही हार्मोनियम आपली हातपेटी नव्हे. नाट्यसंगीतवाल्यांना माहीत असलेल्या पायपेटीच्या जातीची.

घरी ध्वनिमुद्रण करणार असाल तर हा थर रचणं अवघड नाही. पहिला पियानो साधा, कोरडा. दुसरा त्याच कॉर्ड्सचा, पण अॅम्प सिम्युलेटरमधून (अॅम्प्लिफायरची नक्कल करणारा इफेक्ट) थोडा ट्रेमोलो, म्हणजे आवाजाची थरथर, लावून, आवाज पहिल्याच्या निम्म्याने. तिसरा ५६.५ च्या लयीत, एक सप्तक खाली वाजवून वेगळ्या फाइलमध्ये घ्या आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा वेग दुप्पट करा. वेग आणि सूर एकत्र बदलणारा पर्याय निवडा. नुसता टेम्पो बदलणारा निवडलात तर सूर खालीच राहील आणि जो खुळखुळा आवाज हवा तो मिळणार नाही. तिन्ही थर कीबोर्डच्या एकाच पॅचवर, म्हणजे एकाच तयार आवाजावर, आणि मध्यभागीच ठेवले की नुसता चिखल होतो. दुसरा थोडा डावीकडे, तिसरा उजवीकडे सरकवा.

बेस आणि ड्रम्स

बेस इथे चालतो, एका मात्रेला एक सूर घेत जिना उतरतो. मूळ चाल कानाने काढलेली उत्तम. तोवर ही सोपी चाल मूळ पट्टीत चालवा: बी, ए शार्प, जी शार्प, एफ शार्प, ई, डी शार्प, सी शार्प, एफ शार्प. सुरुवात डी तारेच्या नवव्या फ्रेटवरून करा. खालच्या बीवरून सुरू केलंत तर ईपाशी चार तारांच्या बेसचा तळ लागतो आणि पुढचा डी शार्प मिळतच नाही. काळी पाचसाठी सगळं एक फ्रेट खाली. तिसऱ्या बारला पुन्हा पहिले चार सूर, चौथ्यापासून मात्र खाली जा: ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा बी, मग ई तारेवर चौथा, तिसरा आणि दुसरा फ्रेट. अर्धा सूर खाली वाजवत असाल तर यातलाही प्रत्येक फ्रेट एकने कमी.

ड्रम्समध्ये आठव्या भागाचे सूर सरळ नाहीत, झुलते आहेत. दोन सुरांतला पहिला लांब, दुसरा आखूड. कहोनवर (बसून हाताने वाजवायची लाकडी पेटी) वाजवणारे हमखास सरळ ठोकतात आणि गाणं कवायतीसारखं वाटतं. हाय-हॅट मिटलेला आणि हळू. हातघंटा लागते, अग्निशामकाच्या उल्लेखाला. देवघरातली घंटी फार किणकिणते, शाळेतली पितळी हातघंटा बरोबर बसते. माइकपासून दोन-तीन फूट लांब वाजवा, नाहीतर पहिल्या ओळीतले लोक दचकतील.

ट्रम्पेटचा तुकडा

गाणं जवळपास पूर्ण झालं होतं तेव्हा मॅकार्टनीने टीव्हीवर बाखचा दुसरा ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टो ऐकला आणि त्यातलं ते चिमुकलं, उंच सुराचं वाद्य त्याला हवंच झालं. ते पिकोलो ट्रम्पेट होतं आणि वादक डेव्हिड मेसन. त्यालाच १७ जानेवारी १९६७ ला बोलावलं. मॅकार्टनी तोंडाने चाल म्हणत गेला, बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिनने ती कागदावर उतरवली. मेसनला २७ पौंड १० शिलिंग मिळाले. आज तो तुकडा गाण्याइतकाच ओळखीचा आहे, त्यामुळे गाळायची सोय नाही.

पिकोलो ट्रम्पेट सहसा मिळत नाही. साध्या ट्रम्पेटवर तुकडा एक सप्तक खाली घ्या आणि तोंडाशी स्ट्रेट म्यूट (आवाज दाबणारं बूच) लावा, म्हणजे आवाज बारीक होईल. वादकाला हे सांगायला विसरू नका: लग्नाच्या वरातीचा मींड आणि कंप इथे नको, प्रत्येक सूर सरळ आणि जिभेने तोडलेला हवा. वेग पेलत नसेल तर घाईचे अलंकार गाळून मुख्य सूर ठेवा. धडपडून सगळे सूर गाठण्यापेक्षा ते बरं दिसतं. कीबोर्डवर वाजवायचं तर ट्रम्पेटचा पॅच एक सप्तक वर, रिव्हर्ब जवळजवळ बंद, ३०० हर्ट्झखालचं सगळं कापून. ब्रास सेक्शनचा जाड पॅच निवडलात तर जाहिरातीची धून वाटेल. बासरीवर तुकडा गोड लागतो, पण त्याचा टोकदारपणा जातो.

गाताना

शब्द बोलल्यासारखे, जणू कोपऱ्यावर उभं राहून कुणाला माणसं दाखवत आहात. ओळी लांब आहेत आणि श्वासाला जागा कमी, म्हणून पहिल्या दोन बारनंतर चोरटा श्वास ठरवून घ्या. दुसरा आवाज फक्त ध्रुवपदात लावा. कडव्यात लावला तर वर्णन करणारा एकटा माणूस हरवतो. शाळेच्या गॅदरिंगला गाणार असाल तर एक सूचना: दुसऱ्या ध्रुवपदात मासे आणि बोटांचा जो उल्लेख येतो, त्याचा अर्धा भाग लिव्हरपूलच्या पोरांची चावट बोली आहे. इंग्रजीच्या बाईंनी अर्थ विचारला तर उत्तर तयार ठेवा, किंवा तिथे पहिल्याच ध्रुवपदाचे शब्द परत म्हणा.

शेवट कसा करायचा याचे दोन मार्ग आहेत. नेहमीच्या तबकडीवर गाणं शेवटच्या कॉर्डवर थांबतं आणि ती लांबत राहते. अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांना आधी पाठवलेल्या प्रतींवर मात्र त्या कॉर्डवर ट्रम्पेटचे सात सूर आणखी होते. ते १९८० च्या ‘रॅरिटीज’ संग्रहात आणि १९९६ च्या ‘अँथॉलॉजी २’ मध्ये ऐकता येतात. ट्रम्पेटवाला चांगला असेल तर हाच शेवट घ्या, पण त्याला आधीच बजावून ठेवा की शेवटच्या कॉर्डनंतर मान हलवून खूण दिल्याशिवाय सुरुवात करायची नाही. नाहीतर टाळ्या सुरू होतात आणि सातातले पाच सूर त्यांच्यात बुडतात.